खाण कंपनीच्या पुस्तिकेतलं काय खरं मानायचं आणि जनसुनावणीत काय विचारायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्य ताईंनी तो विचारला आहे. गावाला लागून असलेल्या उघड्या कोळसा खाणीचा विस्तार व्हायचा आहे आणि पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे. कंपनीने घरोघरी एक रंगीत पुस्तिका वाटली आहे. तिच्यात शिलाई मशीन, आरोग्य शिबिरं, 2 लाख झाडं, महिलांना समान संधी असं सगळं आहे. ताईंची धाकटी बहीण आयटीआय झालेली असून डंपर ऑपरेटरच्या भरतीत तिचं नाव लागलं आहे. ‘यातलं खरं किती, आणि आम्ही नेमकं काय विचारू?’

ताई, मी खाण अभियंता आहे. बरीच वर्षं उघड्या खाणीत उत्पादन सांभाळलं, पुढे पर्यावरण आणि पुनर्वसनाच्या कामात आलो. अशा पुस्तिकांचा मजकूर माझ्या टेबलावरून गेला आहे. त्यात सहसा धडधडीत खोटं नसतं. मशिनी वाटलेल्या असतात, शिबिरं झालेली असतात, रोपंही लावलेली असतात. तरीही ती कंपनी गावाशी कशी वागते हे त्यावरून कळत नाही, कारण यातली प्रत्येक गोष्ट खाणीच्या कामाला जराही हात न लावता करता येते. म्हणून मी कुठल्याही खाणीबद्दल एकच प्रश्न विचारतो: गावाने सांगितलं म्हणून खाणीच्या आतल्या कामात काय बदललं? ब्लास्टिंगची वेळ, ट्रकचा रस्ता, ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या, ढिगाची जागा, शिफ्टची रचना, यांतलं एक तरी? महिलांच्या नोकऱ्यांना आणि झाडा-पाण्यालाही हीच कसोटी लावा.

आधी पैशांचा विषय उरकून टाकू, कारण सुनावणीत सगळ्यात जास्त वेळ तोच खातो. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्च करावीच लागते. तेव्हा समाजमंदिर बांधून दिलं की हार घालायची गरज नाही, तो कायद्याचा खर्च आहे. दुसरा पैसा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा. 2015 साली खनिज कायद्यात दुरुस्ती झाली आणि रॉयल्टीशिवाय वेगळी रक्कम या निधीत भरणं बंधनकारक झालं: लिलावात मिळालेल्या खाणीसाठी रॉयल्टीच्या 10 टक्के, 12 जानेवारी 2015 च्या आधीच्या पट्ट्यांसाठी 30 टक्के. हा निधी जिल्हा पातळीवर ठरतो आणि कंपनीचा त्यावर हक्क नाही. 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार खाणीपासून 15 किलोमीटरच्या आतलं क्षेत्र प्रत्यक्ष बाधित धरतात, आणि किमान 70 टक्के रक्कम अशा भागात पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, महिला-बालकल्याण यांसारख्या प्राधान्याच्या कामांवर खर्च व्हायला हवी. तुमच्या गावाचा आरओ प्लांट कुठल्या पैशातून झाला हे आधी शोधा. खनिज निधीतून झालेल्या कामावर कंपनीची पाटी लागलेली मी पाहिली आहे.

आता मुख्य गोष्ट, ब्लास्टिंग. खाणीलगतच्या गावात भांडणाचं मूळ इथेच असतं. डीजीएमएस, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालय, याच्या 1997 च्या परिपत्रकात खाणीच्या मालकीच्या नसलेल्या साध्या घरांसाठी कंपनाच्या मर्यादा दिल्या आहेत. वारंवारता 8 हर्ट्झच्या खाली असेल तर सेकंदाला 5 मिलिमीटर, 8 ते 25 मध्ये 10, त्यापुढे 15. कंपनी सांगते, ‘आमचं रीडिंग मर्यादेत आहे.’ ते खरंही असतं. पण यंत्र कुठे ठेवलं होतं?

एका खाणीत यंत्र नेहमी कंपनीच्या गेस्ट हाउसच्या ओट्यावर ठेवत. गेस्ट हाउस गावापेक्षा थोडं लांब आणि पक्क्या पायावर. रीडिंग दर वेळी छान यायचं आणि शाळेच्या भिंतीची भेग दर महिन्याला वाढायची. गावातल्या बायकांनी ग्रामसभेत ठराव केला की यंत्र शाळेच्या पायाशी, जमिनीत नीट बसवून ठेवायचं आणि आकडा त्याच दिवशी फळ्यावर लिहायचा. पहिल्याच आठवड्यात चित्र बदललं. मग आम्हाला एका डिलेला, म्हणजे एका क्षणी एकत्र उडणाऱ्या भोकांत, किती किलो स्फोटक भरतो ते कमी करावं लागलं, गावाकडच्या बेंचला, म्हणजे खाणीच्या पायरीला, भोकांचा व्यास लहान घ्यावा लागला आणि ब्लास्टची वेळ शाळा सुटल्यानंतरची ठरली. उत्पादन खात्याने कुरकुर केली, कारण लहान ब्लास्ट म्हणजे जास्त ड्रिलिंग आणि टनामागे जास्त खर्च. पण भेगांच्या तक्रारी खरोखर कमी झाल्या. त्या वर्षीच्या अहवालात याची एक ओळसुद्धा नव्हती, मेळाव्याचे फोटो मात्र चार पानं होते. लोकसहभाग कशाला म्हणतात ते मला विचाराल तर मी त्या शाळेच्या फळ्याकडे बोट दाखवीन.

एक इशाराही देतो. आपल्याकडच्या काळ्या मातीवर बांधलेली घरं उन्हाळ्यात माती आकसल्यानेही तडकतात. कंपनीचा माणूस हेच कारण पुढे करणार. म्हणून विस्तार सुरू होण्याआधी प्रत्येक घराच्या भिंतींचे तारखेसह फोटो काढा, भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण आणि तारीख लिहा, ग्रामसेवकाच्या सहीने नोंद ठेवा. हे आत्ता केलं नाही तर नंतर वरातीमागून घोडं. विहिरींचंही तसंच. या एप्रिल-मेमध्ये गावातल्या विहिरींची पाण्याची पातळी दोर टाकून मोजा आणि वहीत लिहा. उघडी खाण खोल जाते तसा तिच्यातला पाण्याचा उपसा वाढतो आणि आजूबाजूचं भूजल तिकडे ओढलं जातं. कंपनीकडे निरीक्षण विहिरींचे आकडे असतातच, पण तुमच्या वहीशी ते ताडून पाहता आले पाहिजेत.

जनसुनावणीबद्दल गावात दोन गैरसमज असतात. पहिला, सुनावणीला गर्दी झाली नाही तर ती रद्द होते. तसं नाही, तिला गणपूर्तीच लागत नाही. बहिष्कार टाकून बसलात तर कागदावर ‘हरकत नाही’ अशीच नोंद उरते. दुसरा, तिथे मतदान होतं. तेही नाही. पर्यावरण मंजुरीबद्दलच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्यांहून खालच्या दर्जाचे नसलेले प्रतिनिधी अध्यक्ष असतात, किमान 30 दिवस आधी नोटीस लागते, पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करून द्यावा लागतो आणि सगळ्या कामकाजाचं व्हिडिओ चित्रीकरण होतं. सुनावणी प्रकल्पाच्या ठिकाणी किंवा जवळ व्हायला हवी. ती लांब जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवली असेल तर आजच लेखी हरकत घ्या. शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं असतं. तोवर गाव घरी गेलेलं असतं, त्यामुळे चार-पाच जणांनी शेवटपर्यंत बसायचं हे आधीच ठरवा.

एक बारकावा फार थोड्यांना माहीत असतो. 30 सप्टेंबर 2020 च्या केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या आदेशानंतर सुनावणीत कंपनीने दिलेली आश्वासनं पर्यावरण व्यवस्थापन आराखड्याचा भाग होतात. म्हणून ‘आमच्या गावाचा विकास करा’ असं मोघम बोलू नका. त्याला ‘नक्की करू’ हे उत्तर मिळतं आणि त्यावर पुढे कुणालाच धरता येत नाही. ‘शाळेजवळ कंपन मोजणारं कायमचं यंत्र कोणत्या महिन्यापर्यंत बसवणार, त्याला किती रुपये ठेवलेत?’ असं विचारा. आकडा आणि तारीख आली की ती अटीत उतरवता येते. मंजुरी मिळाल्यानंतर दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. जुन्या खाणीचे असे अहवाल निघालेले असणारच. ते सुनावणीआधी मागवा. आधीच्या मंजुरीतल्या किती अटी अपुऱ्या आहेत हे त्याच कागदांवरून वाचून दाखवलं तर सभागृहात वेगळीच शांतता पसरते.

तुमचं गाव पेसा क्षेत्रात, म्हणजे ग्रामसभेला जास्त अधिकार देणाऱ्या आदिवासी क्षेत्राच्या कायद्याखाली, येतं का, ते तपासा. राजुरा-जिवतीकडची काही गावं येतात. विस्तारात वनजमीन जात असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे ग्रामसभेचा ठराव हा वेगळा आणि जनसुनावणीपेक्षा जड कागद आहे. ओडिशात नियमगिरीच्या बॉक्साइट प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2013 मध्ये प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला आणि 12 च्या 12 ग्रामसभांनी नकार दिला. तिथली खाण झाली नाही. नकार द्या असं मी सांगत नाही, तो निर्णय गावाचा. पण कोऱ्या कागदावर घेतलेल्या सह्या म्हणजे ग्रामसभा नव्हे, एवढं मात्र ठामपणे सांगतो.

आता महिलांच्या नोकऱ्या. इथे थोडं मागे जायला हवं. ब्रिटिश काळात झरियाच्या भूमिगत खाणींत नवरा-बायको जोडीने काम करत, नवरा कोळसा तोडायचा आणि बायको टोपल्या वाहायची. 1929 च्या नियमांनी बायकांना टप्प्याटप्प्याने खाली जायला मनाई झाली आणि 1952 च्या खाण कायद्याने ती कायम केली. वरच्या कामावरही त्यांना फक्त सकाळी 6 ते संध्याकाळी 7 याच वेळेत घेता येई. आपल्याच भागातल्या चंद्राणी प्रसाद वर्मा यांना खाण अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी 1990 च्या दशकात न्यायालयात जावं लागलं होतं. 2019 च्या सुरुवातीला केंद्राच्या अधिसूचनेने उघड्या खाणीत रात्रपाळीला आणि भूमिगत खाणीत तांत्रिक व देखरेखीच्या कामावर दिवसा महिलांना घेण्याची मुभा मिळाली. त्यासाठी लेखी संमती, सुरक्षेची व्यवस्था आणि एका शिफ्टमध्ये किमान तिघींचा गट अशा अटी होत्या. नोव्हेंबर 2025 पासून नवी श्रमसंहिता आली. तिच्यातही संमती आणि मालकाची सुरक्षेची जबाबदारी हा गाभा तसाच आहे.

तेव्हा आज ‘कायदा आड येतो’ ही सबब उरलेली नाही. झारखंडच्या नोआमुंडी लोहखाणीत टाटा स्टीलने स्थानिक मुलींना प्रशिक्षण देऊन अवजड यंत्रांवर बसवलं आणि पुढे वेस्ट बोकारोच्या कोळसा खाणीत तृतीयपंथी व्यक्तींनाही ऑपरेटर म्हणून घेतलं. हे होऊ शकतं. आणि मी स्वतः पाहिलेलं सांगतो, मुली डंपर उत्तम चालवतात. उतारावर ब्रेक जपून वापरतात, शिफ्ट सुरू होण्याआधीची तपासणी सोडत नाहीत.

पुस्तिकेतल्या ‘समान संधी’ या शब्दांच्या मागे जायचं असेल तर टक्केवारी बाजूला ठेवा आणि कुठल्या कामावर किती जणी हे विचारा. जमिनीच्या बदल्यात नोकरी मिळालेल्या अनेक महिलांना आपल्या पट्ट्यात वर्षानुवर्षं कार्यालयात पाणी द्यायला आणि फायली उचलायला लावलं गेलं. पदवीधर मुली त्यात आहेत. त्या आकड्यात मोजल्या जातात, पण त्यांच्या नोकरीची पुढची पायरी कुणी आखलेली नसते. दुसरं, कंत्राटी कामगार. खाणीत माती आणि कोळसा उचलण्याचं बरंचसं काम ठेकेदाराकडे असतं आणि कंपनी टक्का सांगते तो कायम कर्मचाऱ्यांचा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली मोठी असेल तर सेबीच्या नियमाप्रमाणे तिच्या वार्षिक अहवालात शाश्वततेचा एक भाग असतो. पहिल्या 1000 कंपन्यांना तो 2022-23 पासून सक्तीचा आहे. त्यात कायम आणि बिगरकायम, पुरुष आणि महिला असे वेगळे रकाने असतात. पुस्तिका बाजूला ठेवून ते पान उघडा.

आणि मग खाणीत जाऊन शौचालय पाहा. मी हे गंभीरपणे सांगतोय. कार्यालयाजवळचं नव्हे, फेसजवळचं, म्हणजे प्रत्यक्ष खोदकाम चालतं तिथलं. उघडी खाण काही किलोमीटर पसरलेली असते. डंपरवरच्या मुलीला शौचालयासाठी हॉल रोडने, म्हणजे डंपरच्या रस्त्याने, वरपर्यंत यावं लागत असेल तर ती एका खेपेचा वेळ घालवते, पर्यवेक्षक ओरडतो आणि मग ती सकाळपासून पाणी पिणं बंद करते. चंद्रपूरच्या मे महिन्यात, केबिनचा एसी बंद असताना! मूत्रमार्गाच्या संसर्गाने मुली नोकरी सोडतात आणि कागदावर कारण लिहिलं जातं ‘घरगुती अडचण’. ज्या खाणीने प्रत्येक फेसजवळ हलवता येणारं शौचालय ठेवलं, पाण्याचा टँकर जोडला, विश्रांतीची वेळ शिफ्टच्या नियोजनात धरली आणि 4-5 नंबरचे सेफ्टी शूज स्टोअरमध्ये आणून ठेवले, त्या खाणीत मुली टिकतात. बाकी ठिकाणी 8 मार्चला गुलाब देतात.

पर्यावरणाच्या पानांवर येऊ. 2 लाख झाडं. ओबीच्या ढिगावर साधारण हेक्टरी 2500 रोपं हे नेहमीचं प्रमाण, म्हणजे 2 लाखांना 80 हेक्टर जागा लागते. ती कुठे आहे, नकाशावर दाखवा म्हणावं. मग तिसऱ्या वर्षी किती जगली, हा प्रश्न. आणि कुठली? सुबाभूळ, ग्लिरिसिडिया लवकर हिरवं दाखवतात, फोटो चांगला येतो. गावाच्या कामाचा आहे मोह, बेहडा, बांबू, पळस आणि जनावरांसाठी गवत. 8 जानेवारी 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवेल, चारा होईल अशा स्थितीत ती आणण्याची अट घालायला सांगितलं आहे. गुराख्यांचा प्रश्न न्यायालयाने ओळखला, पण आराखड्यात तो अजून क्वचित दिसतो.

झाडांपेक्षाही मी आधी विचारीन ते वरच्या सुपीक मातीबद्दल. विस्तारासाठी जमीन उघडताना ही माती वेगळी काढून वेगळी साठवायची आणि शक्य तितक्या लवकर पुन्हा पसरायची असते. ती ओबीत मिसळली की गेली. खाणीत जाऊन ‘वरच्या मातीचा ढीग कुठे आहे’ असं विचारा. पाटी लावलेला, कमी उंचीचा, गवत वाढलेला ढीग दाखवला तर त्या खाणीत काम जाणणारा माणूस आहे. इकडे तिकडे बघायला लागले तर 80 हेक्टरच्या गप्पा सोडून द्या.

ओबीच्या ढिगाची पाहणी जुलैत करा, उन्हाळ्यात नको. ढिगाचा एकूण उतार 28 अंशांपेक्षा जास्त नसावा, पायथ्याशी आधारभिंत, भोवती गारलँड ड्रेन म्हणजे गोल चर, आणि त्याचं पाणी गाळाच्या टाकीतून जाऊन मगच नाल्यात सोडलेलं असावं, हे कागदावर सगळीकडे असतं. जोरदार पावसानंतर दुसऱ्या दिवशी नाल्याचं पाणी कसलं आहे ते बाटलीत भरून ठेवा. गाळाची टाकी पावसाळ्याआधी उपसली नसेल तर ती पहिल्याच पावसात भरते आणि पुढचा सगळा गाळ शेतात. इरईच्या काठावरच्या ढिगांनी नदीचं पात्र दाबलं जातं, हे चंद्रपूरकर किती वर्षं सांगताहेत! नवा ढीग कुठे येणार आणि पूररेषा कुठे आहे, हे दोन्ही एकाच नकाशावर मागा.

धुळीबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही ती रोज खाता. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात चंद्रपूर 83.88 गुणांनी देशात चौथं होतं. हवेतले पीएम 10 कण 24 तासांच्या सरासरीने घनमीटरला 100 मायक्रोग्रॅमच्या आत हवेत. मोजणी गावच्या बाजूला, वाऱ्याच्या दिशेला होते का, एवढं पाहा. आणि कोळशाचे ट्रक गावातून न जाता वेगळ्या रस्त्याने किंवा कन्व्हेयरने रेल्वे सायडिंगला कधी जाणार, याची तारीख घ्या. पाणी मारणारे टँकर हा तात्पुरता उपाय आहे.

खाणीतून उपसलेलं पाणी ही मात्र संधी आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सने पाटणसावंगीला ते शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीत भरलं होतं. तुम्हाला बाटल्या नकोत, सिंचनाची पाइपलाइन मागा, आणि पाण्याचा तपासणी अहवाल सोबत.

खाण बंद झाल्यावर काय, हे आजच विचारायचं. कोळसा खाणीला बंद करण्याच्या खर्चासाठी एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, दर वर्षी पैसे ठेवावे लागतात. किती जमा आहेत ते विचारा. घुग्घुसला 26 ऑगस्ट 2022 रोजी जुन्या भूमिगत खाणीवरचं एक राहतं घर जमिनीत गडप झालं, त्यानंतर आसपासची दीडशेच्या वर कुटुंबं हलवावी लागली. तुमच्याकडच्या विस्ताराखाली जुने भूमिगत गाळे असतील तर त्यांचे नकाशे सुनावणीत मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. चांगलं उदाहरणही आहे. गोव्यात साखळीच्या संपलेल्या लोहखाणीत सेसा या खाण कंपनीने तळी राखली, बांबू लावला, मासे सोडले. पण त्याच गोव्यात 2012 साली आणि पुन्हा मार्च 2018 मध्ये खाणी अचानक थांबल्या तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेली घरं कोलमडली. गावातली पोरं टिप्परसाठी बँकेत चकरा मारत असतील तर ठेका किती वर्षांचा आहे, हे आधी लेखी घ्यायला सांगा.

राहिली तुमची बहीण. तिला जरूर पाठवा. नेमणूकपत्र कोणाच्या नावाने आहे, कंपनीच्या की ठेकेदाराच्या, ते पाहा आणि पगाराचा आकडा त्याच कागदावर हवा. कामावर घेण्याआधीची वैद्यकीय तपासणी आणि व्हीटीसीतलं, म्हणजे खाणीच्या प्रशिक्षण केंद्रातलं, प्रशिक्षण पूर्ण झाल्याशिवाय कुणालाही खाणीत उतरवता येत नाही. ‘आज बस, कागद नंतर करू’ असं कुणी म्हणालं तर तिने गाडीला हात लावू नये, कारण अपघात झाला तर हजेरीपटावर तिचं नावच सापडणार नाही. रात्रपाळीच्या संमतीचा फॉर्म वाचून सही करावी. तो नाकारला म्हणून नोकरी जात नाही. तिच्याबरोबर त्याच शिफ्टला आणखी किती मुली आहेत आणि रात्री घरापर्यंत सोडायला गाडी येते का, हे दोन प्रश्न भरतीच्या दिवशीच विचारायला सांगा.

लेखी हरकती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात सुनावणीआधीच द्या आणि पोचेवर शिक्का घ्या. सुनावणीत बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात, त्यात एकेकीने एकच विषय धरा: ब्लास्टिंग एकीने, विहिरी दुसरीने, ओबी आणि पूररेषा तिसरीने. मराठी सारांश अजून पंचायतीत आला नसेल तर तो मागणारं पत्र याच आठवड्यात जाऊ दे.